वादनापलीकडचे ड्रीम थिएटर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'वादक थोर, पण गाणी रचता येत नाहीत' हा शेरा ड्रीम थिएटर या अमेरिकी प्रोग्रेसिव्ह मेटल (लांब, गुंतागुंतीच्या रचनांचे जड रॉक संगीत) बँडवर इतक्या सहजपणे मारला जातो की तो तपासून पाहण्याची गरजच कुणाला वाटत नाही. बोस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयातील तीन विद्यार्थ्यांनी १९८५ साली हा बँड उभा केला, त्यामुळे पाठांतर आणि रियाझ म्हणजेच त्यांचे संगीत, असा समज तेव्हापासून रुजला असावा. माझ्या मते तो अन्यायकारक आहे. मात्र त्यांच्या चाहत्यांकडून होणारा बचावही बहुतेक वेळा चुकीच्या मुद्द्यावर उभा असतो.

'द डान्स ऑफ इटर्निटी' या सुमारे सहा मिनिटांच्या वाद्यरचनेत शंभराहून अधिक वेळा ताल बदलतो, हे चाहते अभिमानाने सांगतात. त्यातून वादकांची तयारी सिद्ध होते, रचनाकाराची नव्हे. रचनाकार ओळखायचा तर १९९९ सालच्या त्याच अल्बममधील, म्हणजे 'सीन्स फ्रॉम अ मेमरी'मधील, पहिले गाणे ऐकावे. हा अल्बम एक सलग कथा सांगतो; तिचा संमोहनाखाली गेलेला नायक अकूस्टिक गिटारच्या साथीने अगदी हळू आवाजात एक साधी चाल गातो, प्रकाशाने वेढले गेल्याचे आणि भय व वेदना ओसरल्याचे सांगतो. अल्बम संपत आला असताना 'द स्पिरिट कॅरीज ऑन'मध्ये याच ओळी त्याच चालीवर परत येतात, पण त्यांच्या पुढचे शब्द बदललेले असतात: पहिल्या वेळी भूतकाळात शिरणारे मन आता जगण्याचा अर्थ सापडल्याचे सांगते. मध्ये तासाभराचे संगीत गेलेले असल्यामुळे त्या साध्या चालीला जे वजन येते, ते निव्वळ बोटांच्या वेगातून येणे शक्य नाही. १९९२ सालच्या 'इमेजेस अँड वर्ड्स'मध्येही 'वेट फॉर स्लीप' या छोट्या गाण्यातील पियानोची सुरावट लगेच पुढच्या दीर्घ गाण्यात पुन्हा भेटते, आणि तिथेही ती सजावट वाटत नाही.

टीकाकारांचे म्हणणे मला पटते ते शब्दांच्या बाबतीत. कीबोर्डवादक केव्हिन मूर १९९४ साली बँड सोडून गेले आणि जाताना 'स्पेस-डाय व्हेस्ट'सारखे एकाकी, कोरडे आणि म्हणूनच बोचणारे गाणे मागे ठेवून गेले. तो संयम पुढील लेखनात क्वचितच दिसला. २०१६ सालच्या 'दि अस्टॉनिशिंग'मध्ये ३४ भाग आणि दोन तासांहून अधिक संगीत आहे, पण सगळ्या पात्रांची बाजू एकाच गायकाने मांडायची आणि कथानक पुढे नेणारी माहितीही त्यानेच गायची, या ओझ्याखाली चांगल्या चालीही दबून जातात. ऐकणाऱ्याने स्वतः जाणून घ्यावे असे तिथे फारसे काही शिल्लक राहत नाही.

याउलट ड्रमर माइक पोर्टनॉय यांनी स्वतःच्या दारूच्या व्यसनाविषयी आणि त्यातून सावरण्याविषयी लिहिलेली पाच गाणी पाहावीत. २००२ ते २००९ या काळातील पाच अल्बममध्ये ती विखुरलेली आहेत आणि व्यसनमुक्तीच्या बारा पायऱ्यांनुसार त्यांचे बारा भाग पाडलेले आहेत. जुने सूर आणि ओळी पुढच्या गाण्यांत डोकावत राहतात, आणि सावरू पाहणाऱ्या माणसाला आपला भूतकाळ वारंवार भेटतच असल्यामुळे ही पुनरावृत्ती विषयातूनच आलेली आहे. यातील काही शब्द ओबडधोबड आहेत, हे मान्य. तरीही ते सांगण्याची निकड खरी आहे.

म्हणून या बँडची गाणी लांब आहेत की आखूड, ताल सम आहे की विषम, यावर वाद घालणे मला व्यर्थ वाटते. एखादी चाल परत आली तेव्हा तिचा अर्थ बदलला का, एवढे प्रत्येक गाण्याला विचारावे. 'सीन्स फ्रॉम अ मेमरी' त्या प्रश्नाला उत्तर देते, 'दि अस्टॉनिशिंग' बहुतांशी देत नाही, आणि हे दोन्ही अल्बम एकाच बँडचे आहेत हे दोन्ही बाजूंनी मान्य करायला हवे.

आपला,
एक वाचक