सॅकच्या तक्त्यात ॲलन पेज का नाही?

संपादक महोदय,

आपल्या क्रीडा पानावरील ‘सर्वकालीन सर्वाधिक सॅक’ या तक्त्यात अमेरिकन फुटबॉलमधला जुना बचावपटू ॲलन पेजचे नाव नाही. आकडे बरोबर आहेत, मथळा चुकला आहे. क्वार्टरबॅकने (चढाईची सूत्रे हाती असलेला, चेंडू फेकणारा खेळाडू) चेंडू फेकण्याआधीच त्याला स्क्रिमेज रेषेमागे (जिथून डाव सुरू होतो ती रेषा) पाडणे म्हणजे सॅक. एनएफएल या तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये खेळाडूनिहाय सॅकची अधिकृत नोंद १९८२ पासून आहे आणि पेजचा शेवटचा हंगाम १९८१ चा. त्यामुळे अधिकृत खात्यात त्याच्या नावावर शून्य! जुन्या सामन्यांच्या नोंदी चाळून संशोधकांनी काढलेला आकडा १४८.५ आहे. (दोघांनी मिळून पाडले की प्रत्येकी अर्धा.)

हा आकडाही आजच्या खेळाडूंशी थेट ताडता येत नाही. पेजचे पहिले ११ हंगाम १४ सामन्यांचे होते, आता १७ असतात. शिवाय तेव्हा चेंडू हातात धरून धावण्यावर भर जास्त, म्हणजे सॅकची संधीच कमी. मात्र हात लांबवून उघड्या तळव्यांनी रेटण्याची मुभा क्वार्टरबॅकला राखण्यासाठी बचावपटूंना अडवणाऱ्यांना १९७८ मध्ये मिळाली. तोवरचा फायदा पेजसारख्यांना झाला, हेही सांगायला हवे.

तो डिफेन्सिव्ह टॅकल, म्हणजे बचावाच्या पुढच्या फळीत ऐन मधला. त्या जागी वजनदार गडी लागतो. पेज त्यामानाने हलका. त्याची सारी मदार स्नॅप होताक्षणी (चेंडू मागे देऊन डाव सुरू होताच) पडणाऱ्या पहिल्या पावलावर. समोरच्या गार्डचे (मधल्या जागी अडवणाऱ्या खेळाडूचे) हात अंगाला लागण्याआधी तो फटीतून आत शिरे. मधून रेटा आला की क्वार्टरबॅक कडेला पळतो, आणि पेजच्या मिनेसोटा व्हायकिंग्ज संघाच्या कडांना कार्ल एलर व जिम मार्शल असत. एका टोकाने दाब ठेवणाऱ्या गोलंदाजाचे बळी दुसऱ्याला मिळावेत, तसाच हा हिशेब. या शैलीत धोकाही आहे: अंदाज चुकला की मागे सोडलेल्या फटीतून चेंडू घेऊन धावणारा निसटतो, आणि दोघांनी मिळून अडवले तर हलका टॅकल मागे ढकलला जातो. पुढे लांब पल्ल्याच्या धावण्याने पेजचे वजन आणखी उतरले. १९७८ च्या हंगामात व्हायकिंग्जने त्याला सोडले. शिकागो बेअर्सने अवघ्या १०० डॉलरांत घेतले.

१९७१ मध्ये लीगचा सर्वात मौल्यवान खेळाडू ठरलेला तो पहिला बचावपटू. त्यानंतर हा मान मिळाला तो १९८६ मध्ये लॉरेन्स टेलरला. खेळता खेळता कायद्याची पदवी घेऊन पेज १९९३ ते २०१५ मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती होता, पण तो वेगळा विषय.

पुढच्या वेळी मथळ्यात ‘१९८२ पासून’ एवढे शब्द घालावेत, ही विनंती.

— एक वाचक, पुणे