घामाने चरबी जात नाही!

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीत वजन घटवण्यावरच्या लेखात ठळक चौकट आहे : ‘व्यायामाने चरबीचे ऊर्जेत रूपांतर होते व ती घामावाटे निघून जाते.’ एका वाक्यात दोन चुका, आणि दोन्ही शाळेतल्या रसायनशास्त्राने खोडता येतील अशा.

गेल्या मे महिन्यात माझ्या भाच्याला जिमच्या ट्रेनरने हेच सांगितले आणि प्लास्टिकचे जाकीट चढवून तासभर ट्रेडमिलवर पळवले. मुंबईचा मे! घाम वाळला तरच अंग थंड होते. प्लास्टिकखाली तो वाळणार कसा? काट्यावर सव्वा किलो कमी भरले म्हणून ट्रेनर खूश. पोरगा घरी आला तो जिन्यातच बसला. ओठ पांढरे, बोटे आखडलेली, पाण्याचा पेला धरवेना. रात्री सलाईन लावावे लागले. दुसऱ्या दिवशी वजन होते तेवढे झाले, कारण गेले होते ते पाणी.

हिशेब तरी करायचा! चरबीच्या एका ग्रॅममागे ९ किलोकॅलरी, म्हणजे सव्वा किलोच्या अकरा हजारांवर. तासभर पळून माणूस सातआठशे खर्च करतो. आणि चरबीची ऊर्जा ‘होत’ नाही. तिच्यातल्या कार्बन-हायड्रोजनचा ऑक्सिजनशी संयोग होताना ऊर्जा मोकळी होते, ती आपण कॅलरीत मोजतो. अणू सगळेच्या सगळे शिल्लक राहतात. १० किलो चरबीतले सुमारे ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे जातात, उरलेल्या १.६ किलोचे पाणी होते. लेखकाने वस्तुमान व ऊर्जा यांचे नाते सांगणारे आइन्स्टाइनचे सूत्रही (E = mc²) मध्ये आणले आहे. त्या सूत्राने दिवसाच्या २००० किलोकॅलरींचे वस्तुमान एक मायक्रोग्रॅमच्या दहाव्या भागाइतकेही भरत नाही. कुठल्याच काट्याला ते कळणार नाही.

त्याच पानावर खाली घाम काढून पोट उतरवणाऱ्या पट्ट्याची जाहिरात आहे, तीही पाव पानाची. बुधवारचे विज्ञानाचे सदर मात्र ‘जागेअभावी’ बंद झाले. वाचकांनी यातून काय समजायचे?

खुलासा त्याच जागी, तेवढ्याच ठळक अक्षरांत छापावा. उन्हाळा तोंडावर आहे आणि आमच्या भागातल्या जिममध्ये ती जाकिटे अजून टांगलेली आहेत.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका,
मुलुंड (पूर्व), मुंबई