आबा, यंदा इथे फुटबॉल नाही

कोलंबस, ओहायो
१७ ऑगस्ट २०२०

तीर्थरूप आबा आणि आई यांस साष्टांग नमस्कार.

आबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "तिकडं लोक सध्या बोलतात तरी कशावर?" आवाज सारखा तुटत होता, म्हणून आज निवांत लिहायला बसले. या गावात लोक फुटबॉलवर बोलतात. करोनामुळे मैदानाला कुलूप आहे, गेल्या मंगळवारी तर अख्खा हंगाम पुढे ढकलला, तरी बोलणं काही थांबलेलं नाही. उलट आता दुप्पट झालंय.

हा फुटबॉल आपला नव्हे, ते तुम्हाला माहीतच आहे. लांबट चेंडू हातात घेऊन पळायचं आणि समोरच्याने आडवं पाडायचं. पण कोल्हापुरात शिवाजी पेठेत फुटबॉल बघत हयात गेलेल्या माणसाला बाकीचं समजावून सांगायला नको. इथला गावाचा संघ म्हणजे ओहायो स्टेट विद्यापीठाचा संघ. खेळणारी पोरं अठरा ते बावीस-तेवीस वर्षांची. शिष्यवृत्ती मिळते, पगार नाही. आणि त्यांना बघायला स्टेडियममध्ये एक लाख दोन हजारांवर माणसं बसतात. सामन्याच्या शनिवारी सकाळपासून गाड्यांच्या डिक्या उघडून लोक शेगड्या मांडतात, अनोळखी माणसालाही हातात खायला देतात. रस्त्यात कुणी "ओ-एच!" म्हणून ओरडलं की समोरच्याने "आय-ओ!" म्हणायचंच. ते मात्र अजून चालू आहे. काल दुकानाबाहेर सहा-सहा फुटांवर रांगेत उभे होतो, तर मास्कच्या आतून कुणीतरी ओरडलं आणि अख्ख्या रांगेने उत्तर दिलं.

एप्रिलमध्ये सगळ्यांच्या तोंडी जो बरो होता. व्यावसायिक संघ दरवर्षी कॉलेजच्या खेळाडूंतून निवड करतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. यंदा तो व्हिडिओवरून झाला, लीगचे प्रमुख स्वतःच्या घराच्या तळघरात बसून नावं वाचत होते. पहिलं नाव बरोचं आलं आणि त्याला सिनसिनाटीने घेतलं. हा पोरगा इथल्याच अथेन्स परगण्यातला. ओहायो स्टेटमध्ये राखीव म्हणून बसून राहिला, शेवटी लुइझियानाला गेला आणि तिथे देशातलं अजिंक्यपद मिळवलं. सर्वोत्तम खेळाडूचं बक्षीस घेताना त्याने आपल्या भागातल्या उपाशीपोटी शाळेतून घरी जाणाऱ्या मुलांबद्दल सांगितलं, आणि तिथल्या अन्नदान केंद्राकडे चार लाखांहून जास्त डॉलर गोळा झाले. त्याला जाऊ द्यायला नको होतं की त्याने गेलंच पाहिजे होतं, यावर इथे दोन तट आहेत आणि दोघेही त्याला आपलाच मानतात.

मे-जूनमध्ये टीव्हीवर जुने सामने, आणि बोलण्यात फक्त एकच: २८ डिसेंबरचा, क्लेमसन विद्यापीठाविरुद्धचा. ओहायो स्टेट २९-२३ असं हरलं. शेजारचे आजोबा इतिहासाचे निवृत्त शिक्षक. क्लेमसनच्या खेळाडूने चेंडू झेलला, तो वादाचा क्षण त्यांनी मला कुंपणापलीकडून करून दाखवला. वाफ्यातला हिरवा टोमॅटो छातीशी धरला आणि पावलं मोजली, एक, दोन, तीन. "आता सांग, चेंडू याच्या ताब्यात होता की नव्हता?" त्यानंतर ओहायोच्या खेळाडूने चेंडू हिसकला, दुसऱ्याने उचलून थेट पलीकडे नेला, मैदानावरच्या पंचांनी गुण दिले, आणि रिप्ले बघून ते काढून घेतले. टोमॅटो गवतावर पडला तेव्हा आजोबांचा चेहरा खरोखर उतरला होता. मला ते मनापासून पटलं. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालमीच्या संघाविरुद्ध नाकारलेला एक गोल तुम्ही वर्षानुवर्षं सांगत आलाय, त्यामुळे हे दुःख मला घरचंच वाटतं.

जुलैपासून मात्र बोलण्याचा सूर बदलला. ८ जुलैला आयव्ही लीगने, म्हणजे पूर्वेकडच्या जुन्या नामांकित विद्यापीठांच्या गटाने, शरद ऋतूतले सगळे खेळ थांबवले. दुसऱ्याच दिवशी आमच्या बिग टेनने, म्हणजे ओहायो स्टेट ज्या लीगमध्ये खेळतं तिने, सांगितलं की सामने फक्त आपसांत होतील. झालं, सप्टेंबरात ऑरेगनला जाऊन खेळायचा सामना गेला. कित्येकांनी त्यासाठी विमानाची तिकिटं काढून ठेवली होती. ५ ऑगस्टला नवं वेळापत्रक आलं, त्यात कट्टर प्रतिस्पर्धी मिशिगनशी सामना २४ ऑक्टोबरला! त्यावर गावात जे रण माजलं ते विचारू नका. ती लढत नोव्हेंबरच्या शेवटी, हंगामाचा शेवट म्हणून व्हायची असते, हे इथे लहान पोरालाही माहीत आहे. १९१८ पासून ती एकही वर्ष चुकलेली नाही. लोक तारखेवर भांडत होते आणि सहाव्या दिवशी सगळंच गेलं. ११ ऑगस्टला बिग टेनने हंगाम पुढे ढकलला, त्याच दिवशी पश्चिमेकडच्या पॅक-१२ लीगनेही. वसंतात बघू म्हणतात.

१९१८ म्हणजे मानमोडीचं साल, आबा. पणजीच्या माहेरची अर्धी माणसं त्या साथीत गेली, असं तुम्ही सांगायचात. त्या वर्षी इथे महायुद्ध आणि फ्लू दोन्ही असूनही थोडेफार सामने झाले. जॉर्जिया टेकच्या मैदानावरचा तेव्हाचा एक फोटो सध्या प्रत्येकाच्या फोनवर फिरतोय: प्रेक्षक गर्दीने बसलेत आणि तोंडाला फडकी. तो दाखवून कुणी म्हणतं, "बघा, तेव्हाही खेळले." कुणी तोच दाखवून म्हणतं, "बघा, तेव्हाही मास्क लावत होते." आजोबा इतिहासाचे, ते म्हणाले की त्या साथीत तरणीताठी माणसंच जास्त गेली, तेव्हा फोटो कौतुकाने दाखवण्याआधी ते लक्षात ठेवा.

आता गावात एकच वाद. दक्षिणेतल्या तिन्ही मोठ्या लीग खेळणार म्हणतात, मग आपणच का नाही? बिग टेनचे आयुक्त केविन वॉरन याच वर्षी पदावर आले. त्यांचा मुलगा मिसिसिपीच्या एका विद्यापीठाकडून खेळतो आणि तिथला हंगाम चालू राहणार आहे, यावरून लोक त्यांना फार बोलतात. मुलाला यात ओढणं मला मुळीच आवडत नाही. पण निर्णयामागची कारणं खुलासेवार सांगा, ही खेळाडूंच्या पालकांची मागणी अगदी रास्त आहे.

आमच्या गल्लीत एक नर्स राहते, तिच्या वडिलांपासून सीझनची तिकिटं घरात आहेत. सगळ्यांत शहाणं बोलणं मी तिच्याकडून ऐकलं. ती म्हणते, काही रुग्णांच्या हृदयाच्या स्नायूंना सूज येते, तिला मायोकार्डायटिस म्हणतात. धडधाकट पोरगा बरा झाला म्हणून लगेच पळायला लागला तर जिवावर बेतू शकतं. कितीजणांना होतं ते अजून नीट कळलेलं नाही. आणि चाचणीचा निकाल यायला दिवसच्या दिवस लागतात, तोवर तो पोरगा साऱ्या संघाला अंगावर घेऊन खेळलेला असतो. "रोज चाचणी आणि त्याच दिवशी निकाल, हे जमलं तर खेळा," असं तिचं म्हणणं. दुसरीही एक गोष्ट ती विचारते. बास्केटबॉलवाल्यांना ऑरलँडोत कोंडून ठेवलंय, आपलं आयपीएल दुबई-अबुधाबीकडे नेताहेत. पण ते पगारी लोक. ही विद्यार्थी पोरं. वर्ग ऑनलाइन ठेवायचे आणि फुटबॉलच्या पोरांना तेवढं मैदानात उतरवायचं, तर मग त्यांना विद्यार्थी कशाला म्हणायचं?

आबा, मला नेमकं इथेच लागतं. एप्रिलपासून बरो झाला, पंच झाले, तारखा झाल्या, पैसा झाला. पैशाचं खोटं नाही. फुटबॉलच्या कमाईवर विद्यापीठाचे बाकीचे खेळ चालतात, स्टॅनफर्डने जुलैतच अकरा खेळ बंद करायचं जाहीर केलं. स्टेडियमजवळच्या खानावळी तर सात-आठ शनिवारांवर वर्षाचं भाडं काढतात. पण ज्यांच्या छातीत ते हृदय आहे त्यांचं नाव बोलण्यात सर्वांत शेवटी आलं. तेही त्यांनी स्वतः तोंड उघडलं म्हणून. २ ऑगस्टला पॅक-१२ मधल्या खेळाडूंनी मागण्या मांडल्या. मग ९ तारखेच्या रात्री क्लेमसनचा ट्रेव्हर लॉरेन्स, आमचा जस्टिन फील्ड्स आणि इतर बरेच एकत्र आले. आम्हाला खेळायचंय, म्हणाले, पण सगळीकडे आरोग्याचे नियम सारखे हवेत, ज्याला भीती वाटते त्याने माघार घेतली तर त्याचं नुकसान होता कामा नये, आणि पुढे खेळाडूंची स्वतःची संघटना हवी. काल फील्ड्सने हंगाम परत चालू करा म्हणून ऑनलाइन अर्ज टाकला, त्यावर एका दिवसात दोन लाखांच्या वर सह्या झाल्या.

सह्या करणाऱ्यांतले पुष्कळजण फक्त "खेळायचंय" एवढंच वाचतात. पुढचं वाचत नाहीत, याचा मला राग येतो. खेळायचं की नाही हे डॉक्टरांनी सांगावं, पण ती चर्चा ज्या खोलीत होते तिथे या पोरांचे दोन-चार प्रतिनिधी बसलेच पाहिजेत. आज तिथे कुलगुरू आहेत, आयुक्त आहेत, खेळाडू कुणी नाही. मी हे कालच आजोबांना म्हटलं. ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, चाळीस वर्षं मी या पोरांचे नंबर पाठ केले, त्यांना विचारावं असं कधी मनात आलं नाही. नंतर त्यांनी सही केली, आणि खाली संघटनेच्या मागणीला पाठिंबा असं वेगळं लिहिलं.

आई, माझी काळजी करू नकोस. आठवड्याचं सामान एकदाच आणते, बाकी सगळं काम घरूनच. गणपती शाडूचा घरीच करतेय, मोदकाची उकड बिघडू नये म्हणून शुक्रवारी व्हिडिओ कॉल कर. कोल्हापुरात रुग्ण फार वाढताहेत असं वाचते, तेव्हा आबांना कट्ट्यावर जाऊ देऊ नकोस. त्यांनी फोनवरच वाद घालावेत.

आणि आबा, तुम्ही लिहा. तुमच्या पेठेत सध्या काय बोलतात? शाहू स्टेडियमचा हंगाम पुन्हा कधी सुरू होईल असं वाटतं? तालमीतल्या पोरांना घरखर्चाला कोण मदत करतंय, त्यांच्यातलं कुणी आजारी आहे का, तेही विचारून कळवा. मंडळातर्फे काही गोळा करत असाल तर माझा वाटा लगेच पाठवते.

तुमची,
धाकटी