चुन्याची डबी

गंगाखेड, १८ सप्टेंबर

चि. छकुलीस,

अनेक आशीर्वाद. (यातला 'शी' मुद्दाम दीर्घ काढलाय, नीट बघ. का ते पुढं येईलच.)

एका घरात राहून पत्र लिहायची वेळ आली म्हणून हसशील. पण माझी शिफ्ट सात ते सात, तुझी नऊ ते नऊ आणि वर तुमच्या डायरेक्टरची लहर. गेल्या पंधरा दिवसांत आपण समोरासमोर बोललो ते एकदाच, रात्री साडेअकराला, फ्रीजचं दार उघडं धरून. तू म्हणालीस, "बाबा, दिवसभर मी नुसते क्यू देते, कॅमेऱ्याआड बसून समोरच्या पात्राची वाक्यं वाचून दाखवते. सासूचा मी, सुनेचा मी, परवा तर पोपटाचाही मीच दिला. याला काम म्हणायचं का?" मी 'सुरुवातीला सगळ्यांनाच करावं लागतं' असलं काहीतरी बापछाप बोललो आणि झोपायला गेलो. काल गुरुजींकडं जाऊन आल्यापासून ते बोलणं डोक्यातून जाईना.

काल मुक्तिदिन. देश स्वातंत्र्याचं एक वर्ष साजरं करून मोकळा झाला तरी आपण निजामाच्या राज्यातच होतो, ते राज्य संपलं १७ सप्टेंबर १९४८ ला. म्हणून बाकीच्या महाराष्ट्रापेक्षा आपल्याकडं एक झेंडावंदन जास्त. शाळेनं या वर्षी पाहुणा म्हणून मला बोलावलं. माझं नाव कुणी घेतलंच नाही. हेडमास्तर म्हणाले, "आपले सर्वांचे लाडके मोठे काका!" शाल, श्रीफळ, आणि चौथीतल्या एका पोरानं विचारलं, "त्या पहिल्या मालिकेत तुम्ही मेलात तेव्हा दुखलं का?" पंचवीस वर्षं मी इन्स्पेक्टर, वकील आणि 'आता सगळं देवाच्या हातात' म्हणणारा डॉक्टर करतोय. एवढा मुद्द्याचा प्रश्न मला कुठल्या मुलाखतीत कुणी विचारला नाही. अर्थात मुलाखती तरी किती झाल्यात म्हणा.

संध्याकाळी गुरुजींकडं गेलो. पंच्याऐंशीला टेकलेत. कान पूर्ण गेलेत. यंत्र आणलंय, पण ते चष्म्याच्या घरात पडून असतं, घातलं की शिट्टी वाजते म्हणे. पलंगाच्या कडेला पाटी-पेन्सिल ठेवलेली. येणाऱ्यानं पाटीवर लिहायचं, गुरुजी तोंडानं उत्तर देणार, तेही अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं. मी लिहिलं, 'आशिर्वाद घ्यायला आलो.' त्यांनी पाटी डोळ्याजवळ नेली, बोटाला थुंकी लावून 'शि' पुसला आणि पेन्सिल माझ्या हातात परत दिली. "दीर्घ." पन्नाशी उलटलेला मी, खांद्यावर सत्काराची शाल, खाली बसून दुरुस्त केलं.

मग म्हणाले, "साडेसातची तुझी मालिका सूनबाई लावतात. आवाज त्यांना, चित्र मला. गुरुवारी तू निळा कुर्ता घालून सोफ्यावर बसला होतास. ती बाई उभी राहून काहीतरी सांगायली होती तुला. काय सांगायली ते मला ऐकू आलं नाही." जरा थांबले. "तुला तरी कुठं ऐकू आलं?"

मी हसलो. ते हसले नाहीत.

तो सीन कसा झाला ते तुला सांगायला नको, तुझं रोजचंच आहे. पण लिहितो, कारण पाटीवर मला ते गुरुजींना सांगता आलं नाही. मास्टर झाला, म्हणजे दोघांचा एकत्र शॉट. लाइट तिच्या बाजूला होता म्हणून तिचे क्लोज-अप आधी उरकले. तिला चार वाजता दुसऱ्या मालिकेच्या सेटवर पोचायचं होतं, ती गेली. माझी बाजू लागेपर्यंत पावणेसहा. समोर लाइटचा स्टँड, स्टँडवर चिकटवलेली टेप, 'काका, लूक इथं द्या.' आणि शेजारून तुझ्याच वयाची एक असिस्टंट मोबाइलवर बघून वाचत होती: "दादा-घर-विकलं-गेलं-आपल्याला-उद्याच-निघायचंय." स्वल्पविरामसुद्धा नाही. मी टेपकडं बघून डोळे मोठे केले, मग बारीक केले, मग पाणी आणलं. पाणी मला आता नळासारखं आणता येतं. पुढं एडिटला त्यावर 'धूम' टाकून तीनदा झूम केलं की झाला सीन. २२ मिनिटांचा एपिसोड रोज द्यायचा म्हटल्यावर कोण कुणासाठी थांबणार?

त्या दिवशी मी त्या पोरीवर सगळ्या युनिटसमोर खेकसलो. "नीट वाचता येत नाही का?" खरं सांगू? तिनं सोन्यासारखं वाचलं असतं तरी मी ऐकणार नव्हतो. ९० दिवसांनी यायचा चेक साडेचार महिने झाले तरी आला नव्हता, आणि माझ्या डोक्यात बँकेचा हप्ता चालला होता. ती पोरगी रात्री घरी जाऊन बापाला म्हणाली असेल, याला काम म्हणायचं का.

बहिऱ्या माणसानं ते पकडलं. पण का पकडलं, ते तुला कळायचं तर १९८४ मध्ये जावं लागेल.

मी पाचवीत होतो. गुरुजी दर मुक्तिदिनाला नाटुकलं बसवायचे, लिहायचेही स्वतःच. त्या वर्षीचं असं: वाड्यातली रात्र, कंदील, आजी दागिने ज्वारीच्या कणगीत लपवतेय, आई लेकरू निजवतेय, आणि दाराशी एक पोरगा बसलाय. रझाकार येतायत का ते त्यानं ऐकायचं. रझाकार रंगमंचावर आणायचेच नाहीत, असं गुरुजींनी ठरवलेलं. "वर्गात निम्मी पोरं मोमीनपुऱ्यातली. कुणाच्या लेकराला दाढी चिकटवून सैतान करू? भीती दाराच्या पलीकडं राहू द्या." म्हणजे भीती दिसणार ती फक्त दाराजवळच्या पोराच्या तोंडावर. तो पोरगा मी. वाक्य एकही नाही. मी घरी येऊन रडलो होतो.

पहिल्या दिवशी मी कानामागं हात धरला, डोळे वटारले. गुरुजी म्हणाले, "हे ऐकणं नाही. हे ऐकल्याचं सोंग." त्यांनी मला वर्गात बसवलं, दार ओढून घेतलं आणि स्वतः बाहेर गेले. दहा-पंधरा मिनिटांनी आत येऊन, "सांग, मी काय काय केलं?" मला काही सांगता येईना. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी चपला काढल्याचं सांगितलं. चौथ्या दिवशी लिंबाखाली गेले, परत आले, आणि मग एक बारीक 'टिक्' ऐकू आलं. मी म्हणालो, "चुन्याची डबी उघडली." गुरुजी तंबाखू खायचे. काहीच बोलले नाहीत, फक्त डबी माझ्या हातात दिली आणि मी ती दहादा उघडून मिटली. ॲल्युमिनियमची, झाकणाला पोचा.

त्या चार दिवसांत मला समजलं की ऐकताना तोंड काहीच करत नाही. उलट सगळं थांबतं, मान जराशी वळते, श्वास अर्ध्यावर राहतो. हे कुणी शिकवून येत नाही. पलीकडं खरंच काहीतरी असावं लागतं.

सतराला संध्याकाळी प्रयोग झाला. पडलेल्या एका वाड्याचं दार आणून दोन बांबूंना बांधलेलं, त्याला भिंत नाही. गुरुजी त्या दाराआड उकिडवे बसले. कंदील बारीक झाला, पोरं खुसपुसत होती, आणि दाराआडून 'टिक्'. मला सोडून कुणाला ऐकू यायचं कारणच नव्हतं. पण समोर बसलेल्या बायांनी मांडीवरची लेकरं पोटाशी ओढली. हे मी डोळ्यांनी पाहिलं. त्यानंतर मला टाळ्या पुष्कळ मिळाल्या गं, पण कुणी लेकरू पोटाशी ओढलेलं पुन्हा नाही पाहिलं.

काल ही आठवण निघाली तेव्हा काकू चहा घेऊन आल्या होत्या. सहज म्हणाल्या, "ते दाराशी बसलेलं पोरगं म्हणजे हेच की. आठ वर्षांचे होते. मायनं तीन राती दाराशी बसवलेलं, ह्यांचे कान तिखट म्हणून." चाळीस वर्षांत गुरुजी हे बोलले नव्हते. मी पाटी ओढली आणि लिहिलं, 'तेव्हा काय ऐकू आलं होतं?' त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं, शुद्धलेखनाला नाव ठेवायला काही सापडेना बहुतेक. तळहातानं पाटी पुसली आणि म्हणाले, "चहा निवायलाय."

मुंबईत मी आलो २००० साली. आदल्या वर्षी १५ ऑगस्टला अल्फा मराठी चॅनल सुरू झालेलं, मागोमाग ईटीव्ही मराठी आलं, आणि एकदम रोज नट लागायला लागले. पहिली काही वर्षं माझी जीभ घासण्यात गेली. 'मी करायलो', 'तू काय करायलास' हे तोंडून निसटलं की सेटवर हशा. घासूनपुसून प्रमाण झालो, तेव्हा गावाकडचा शेतकरी करायला बोलावलं आणि म्हणाले, 'थोडं गावरान बोला ना.' बोललो आपलं परभणीचं. 'हे नको, ते कोल्हापूरकडचं बोला.' टीव्हीच्या नकाशात खेडेगाव पंचगंगेच्या काठीच असतं, गोदावरीला मुळी गावंच नाहीत. असो, हा राग जुना आहे, तुझी आई म्हणते तसा मी तो दर दिवाळीला काढून उन्हात ठेवतो.

समोर नट नव्हता हे मी काल रात्री स्वतःला बराच वेळ सांगून पाहिलं. मग लक्ष्मण देशपांडे आठवले. तेव्हाच्या औरंगाबादला विद्यापीठात शिकताना त्यांचं 'वऱ्हाड निघालंय लंडनला' पाहिलेलं. एकटा माणूस, पन्नासावर पात्रं, हाताशी फारसं काही नाही. लोक ते बोलतात कसे यावर हसायचे. मी मागच्या रांगेतून बघत होतो ते दुसरंच: एक पात्र बोलून झालं की दुसरं होऊन ते ऐकायचे, आणि ज्या रिकाम्या जागेकडं बघून ऐकायचे तिथं मला माणूस दिसायचा. त्यांना कुणी क्यू दिला होता? तेव्हा टेप लावलेला स्टँड ही सबब माझ्यापाशी राहिली नाही.

पण सगळेच काही लक्ष्मण देशपांडे नसतात. मी नाही, आणि तुमच्या सेटवरची ती नवी सूनही नाही. तिला कुणीतरी लागतं. म्हणून क्यू देताना मोबाइल खाली ठेव, दोन वाक्यं पाठ करायला किती वेळ लागतो? लेन्सला चिकटून बस, तिच्या नजरेच्या उंचीला, स्टूल मागून घे, लाजू नको. सासूचा आवाज काढू नको, अभिनय तर अजिबात नको. तिला ती गोष्ट खरीच सांगायचीय असं सांग. आणि वाक्य संपलं की लगेच मान खाली घालू नको, तिचं होईपर्यंत तिच्याकडं बघत राहा. पोपटाचं मात्र तुझं तू बघ, त्यातलं मला काही कळत नाही.

एक गोष्ट तुला सांगितलेली नाही. आषाढात आमच्याकडं एक नवा पोरगा आलाय, बीडकडचा, माझा पुतण्या करतो. त्याचा पहिला मोठा सीन माझ्याबरोबर होता. माझी बाजू आधी झाली, गाडी खाली उभी होती, मी मेकअप पुसायला घेतला. तो दाराशी येऊन म्हणाला, "सर, दोनच मिनिटं थांबता का? माझा क्लोज आहे." मी आरशातूनच म्हणालो, "असिस्टंट देईल की रे." तो 'हो सर' म्हणून गेला. तो एपिसोड लागला तेव्हा मी पाहिला नाही. काल रात्री इथं मोबाइलवर शोधून पाहिला, आवाज बंद करून.

आज सकाळी त्याला फोन केला. उचलला नाही, शूटवर असेल. जायकवाडीचे दरवाजे उघडलेत, नदी दोन्ही थड्या भरून चाललीय, पुलावर लोक बघायला उभे आहेत. रात्री परभणीहून देवगिरी एक्स्प्रेस धरतो. काकूंनी तुझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी बांधून दिलीय, आणि हे पत्र मी स्वतःच आणून तुझ्या लॅपटॉपखाली ठेवीन.

परवा माझी शिफ्ट सात ते सात आहे. प्रॉडक्शनकडून कळलं, त्या पोराचे क्लोज सगळ्यात शेवटी ठेवलेत. आईला सांगून ठेव, जेवायला माझी वाट बघू नका म्हणावं.

तुझा
बाबा