आधी कर्ण मोजावेत, मग मोटरी मागवाव्यात

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

छंद म्हणून घरी सीएनसी राउटर, म्हणजे संगणकाच्या आज्ञेने फिरता कटर चालवून लाकूड कापणारे यंत्र, बनवण्याविषयीचा लेख आपल्या पुरवणीत वाचला. मोटरी, त्यांना चालवणारे ड्रायव्हर आणि ड्रायव्हरांना इशारे देणारा कंट्रोलर बोर्ड यांची माहिती त्यात नेटकी आली आहे. मात्र ज्याने आजवर साधा हातराउटरही चालवलेला नाही, अशा वाचकाने त्या यादीवरून थेट सुटे भाग मागवले, तर त्याची जी फजिती होईल ती मी स्वतः भोगलेली असल्याने हे पत्र लिहीत आहे.

माझे पहिले यंत्र सुरू झाले तेव्हा मी प्लायवूडचे 100 मिलिमीटरचे चौरस कापले. व्हर्नियर कॅलिपरने चारही बाजू मोजल्या, त्या अचूक भरल्या, आणि मी खूश झालो. पेटी जोडायला घेतली तेव्हा कोपऱ्यांत फटी राहू लागल्या. कर्ण मोजले तर एक 141.7 आणि दुसरा 141.1 मिलिमीटर. पंधरा दिवस मी कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये दोष शोधत राहिलो. प्रत्यक्षात 700 मिलिमीटर रुंदीच्या गँट्रीचे, म्हणजे कटर वाहून नेणाऱ्या आडव्या सरकत्या पुलाचे, एक टोक दुसऱ्यापेक्षा सुमारे 3 मिलिमीटर पुढे बसले होते. गवंडी पाया आखताना करतो तेच मी पहिल्या दिवशी केले असते, म्हणजे एका बाजूवर 600 आणि काटकोनातल्या बाजूवर 800 मिलिमीटरला खूण करून तिरपे अंतर बरोबर 1000 भरते का ते पाहिले असते, तर हे पंधरा दिवस वाचले असते.

सांगाड्याच्या ताठपणाकडेही असेच दुर्लक्ष होते. दोन टोकांवर टेकलेल्या दांड्याची लांबी दुप्पट केली, तर मधोमध तेवढ्याच भाराने तो आठपट वाकतो. त्यामुळे ‘कधीतरी मोठे काम करता येईल’ म्हणून वाढवलेली लांबी पुढे प्रत्येक कापात छळते. काय कापायचे आहे, केवढे आणि कशात, हे कागदावर ठरल्याशिवाय यंत्राचा आकार ठरवूच नये, असे माझे मत आहे.

गणित अवघड नाही, पण ते स्वतःच्या हाताने करावे लागते. नेहमीची स्टेपर मोटर (ठरावीक पावलांनी फिरणारी मोटर) एका फेऱ्यात 200 पावले टाकते. ड्रायव्हरवर आठ मायक्रोस्टेप लावल्यास, म्हणजे प्रत्येक पावलाचे आठ भाग केल्यास, एका फेऱ्याला 1600 पल्स (कंट्रोलरचे इशारे) होतात. नेहमीच्या 8 मिलिमीटर व्यासाच्या लीड स्क्रूवर (फिरून नटाला सरकवणाऱ्या आटेदार दांड्यावर) दोन आट्यांमधले अंतर 2 मिलिमीटर दिसते, म्हणून नवखा माणूस 1600 ला 2 ने भागून मिलिमीटरला 800 पल्स काढतो. त्या स्क्रूवर चार आटे एकत्र गुंफलेले असतात आणि नट एका फेऱ्यात 8 मिलिमीटर सरकतो, त्यामुळे खरा आकडा मिलिमीटरला 200 पल्स हा आहे. कंट्रोलरमध्ये 800 भरले, तर 100 मिलिमीटर सांगितल्यावर यंत्र 400 जायला निघते आणि टोकावर जाऊन आदळते.

कापण्याच्या वेगाबाबत तर भित्रेपणाच महागात पडतो. मिनिटाला 18,000 फेरे, दोन धारांचा कटर आणि प्रत्येक धारेला 0.05 मिलिमीटर लाकूड, एवढ्यावरून फीड, म्हणजे कटर पुढे सरकण्याचा वेग, मिनिटाला 1,800 मिलिमीटर येतो. सांभाळून म्हणून मी तो 300 ठेवला. धार लाकूड कापण्याऐवजी घासत राहिली, कडा काळी पडली आणि कटर बोथट झाला. छिलका पडतो आहे की पिठासारखी भुकटी, हे पाहण्याची आणि आवाज ओळखण्याची सवय हातराउटरवर आठवडाभर काम केल्याने लागते. स्क्रीनकडे पाहून ती लागत नाही.

जी-कोडच्या, म्हणजे यंत्राला हालचाली सांगणाऱ्या भाषेच्या, दहा-बारा ओळीही एकदा हाताने लिहाव्यात आणि कटर कापायच्या तुकड्याच्या बराच वर ठेवून हवेत चालवून पाहाव्यात. जी21 म्हणजे मिलिमीटर, जी20 म्हणजे इंच. या एका आकड्याच्या चुकीने माप 25.4 पट बदलते. साध्या स्टेपर मोटरची पावले चुकली तरी कंट्रोलरला त्याचा पत्ता नसतो, तो चुकीच्या जागेवरूनच पुढे कापत राहतो.

सुरक्षेविषयी लेखात एकच वाक्य होते, ते अपुरे आहे. आणीबाणीच्या बटणाने मोटरींबरोबर कटर फिरवणाऱ्या स्पिंडलचाही वीजपुरवठा तुटला पाहिजे. फिरत्या कटरजवळ हातमोजे घालू नयेत, कारण मोजा गुंतला की हातही ओढला जातो. लाकडाची धूळ कर्करोगकारक ठरलेली आहे, तेव्हा धूळ ओढणारी व्यवस्था पहिल्या कापाआधीच जोडलेली असावी.

या विषयावर आपण पुढे लेखमाला देणार असाल, तर कंट्रोलर बोर्डाचा लेख मागे ठेवून पहिला लेख गुण्या, कॅलिपर आणि कर्ण यांवर द्यावा, ही विनंती.

आपला,
एक हौशी वाचक