काडीकेक

मंगळवार पेठ, कोल्हापूर
८ फेब्रुवारी

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "बाबा, छकुलीच्या वाढदिवसाला सगळं बाहेरूनच मागवतो. घरात ओव्हन नाही, आणि आम्हा दोघांना वेळ कुठाय?" मी "बरं" म्हणालो आणि फोन तुझ्या आईकडे दिला. पण मनातून ते जाईना. रात्री झोप लागली नाही म्हणून आता पहाटेच लिहायला बसलोय.

ओव्हन न लागता तासाभरात होणारं एक गोड मला करता येतं. ते पहिल्यांदा केलं तेही तुझ्यासाठीच. तुझा सहावा वाढदिवस होता, १९९७ साल. तुला त्यातलं किती आठवतं मला माहीत नाही, पण एक गोष्ट तुला आम्ही कधी सांगितलीच नाही.

महाद्वार रोडवरच्या एका बेकरीत मी किलोचा केक सांगितला होता. पगाराला आठवडा होता, म्हणून अडत दुकानातून उचल घेतली होती. संध्याकाळी हिशेबाच्या वह्या मिटल्या, केक घेतला आणि लुनावर पुढे दोन पायांत खोका धरून निघालो. बिनखांबी गणेशावरून मिरजकर तिकटीला आलो आणि एकदम म्हैस आडवी आली. ब्रेक दाबला. मी सावरलो, पण खोका उडाला आणि गटारीच्या कडेला कुशीवर पडला. उचलून उघडला तर एक बाजू पार चेपलेली, आणि तुझं नाव क्रीमसकट झाकणाच्या पुठ्ठ्यावर उलटं उमटलेलं.

घरी आलो तर जिन्यात पोरांच्या चपलांचा ढीग. वरून तुझा आवाज येत होता, "बाबा केक आणाय गेल्यात!" मी जिन्याखालीच उभा राहिलो. पाच मिनिटं झाली असतील, दहा झाली असतील. वर जाऊन तुझ्या तोंडाकडे बघायचा धीर होईना. शेवटी आईच खाली आली. तिनं खोका उघडून बघितला आणि एवढंच विचारलं, "द्राक्षं आणलीत न्हवं?"

द्राक्षं होती. केळीही होती. दिवाळीत आकाशकंदिलासाठी तासलेल्या बांबूच्या कामट्या माळ्यावर उरल्या होत्या. त्या काढून मी चाकूनं सोलल्या, गरम पाण्यानं धुतल्या आणि वीत वीत तुकडे केले. आईनं चेपलेली बाजू कापून टाकली, क्रीम खरवडून वाटीत काढलं आणि आतला चांगला केक चौकोनी कापला. एक द्राक्ष, एक केक, केळ्याची चकती, परत केक. मागं वळून बघतो तर तू दारात उभा. मला वाटलं, आता रडणार. तू म्हणालास, "मी ओवू?" मग सगळी पोरंच स्वयंपाकघरात घुसली. पाटावर बसून, जिभा बाहेर काढून, ओवत राहिली. "काडीकेक" हे नावही तूच ठेवलंस.

तीच कृती तुला लिहून देतो. इतक्या वर्षांत त्यात आम्ही बरंच सुधारलंय. घाईत वाचू नको.

केक साधा घे, क्रीम नसलेला. बेकरीत लांबट बार केक मिळतो, तो सगळ्यात चांगला, कारण त्याला घट्टपणा असतो. हलका फुसफुशीत स्पंज काडीवर टिकत नाही, मधोमध फाटतो. आदल्या दिवशीच आणून ठेव. ताज्या केकचा कापताना भुगा होतो, शिळा सरळ कापला जातो. कापायच्या आधी अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवायचा आणि ब्रेड कापायच्या दातेरी सुरीनं, दाब न देता, करवतीसारखा कापायचा. इंचभराचे चौकोन कर. परवा आम्ही करून बघितलं, अर्ध्या किलोत ४८ तुकडे निघाले. काडीला दोन धरले तर २४ काड्या. तुमच्याकडे बारा पोरं येणार म्हणतोस, म्हणजे प्रत्येकी दोन.

आता फळं. इथं मात्र माझं ऐक. तीस वर्षं मी मार्केट यार्डात फळांच्या अडतीत दिवाणजी होतो. माझ्या डोळ्यांदेखत जेवढ्या पेट्या फुटल्या, तेवढी फळं पुण्यातल्या तुझ्या दुकानदारानं बघितली नसतील.

पहिली गोष्ट, काही फळं तोडल्यावर घरात पिकतात, काही पिकत नाहीत. केळं, चिकू, आंबा घरात पिकतात. स्ट्रॉबेरी, द्राक्ष, अननस, संत्रं हे तोडलं तेव्हा जेवढं गोड होतं तेवढंच राहतं, पुढं फक्त मऊ पडतं. म्हणून "उद्यापर्यंत होईल गोड" असं कुणी स्ट्रॉबेरीबद्दल म्हणालं तर घेऊ नको. सध्या महाबळेश्वर, वाईचा माल जोरात आहे. डबी उलटी करून खालून बघ. वर लालबुंद आणि खाली दबलेली, पाणी सुटलेली असं फार असतं. देठाजवळ पांढरी राहिलेली नको. देठाची पानं हिरवी आणि ताठ हवीत. आणि वास घे. चांगल्या स्ट्रॉबेरीचा वास डबी उघडायच्या आधीच येतो. तीन डब्या घे.

धुताना देठ काढू नको. देठासकट धू, मग देठ काढ. आधी काढलास तर त्या खळग्यातून पाणी आत शिरतं आणि फळ पचपचीत होतं. नंतर पंचावर पसरून अगदी कोरडी होऊ दे. पंखा लाव वाटलं तर. हे कोरडं करणं सगळ्यात महत्त्वाचं आहे, कारण ओल्या फळानं केक भिजतो आणि ओल्या फळाला चॉकलेट धरत नाही. साखरही भुरभुरू नको, साखर पडली की फळ पाणी सोडतं.

द्राक्षं तू विकत घेऊ नको, मी आणतो. तासगावकडचा माल आता भरात आहे. घडाचा देठ हिरवा आणि दाण्यावर पांढरी धूसर झाक असेल तर तो ताजा. ती झाक म्हणजे औषध नव्हे, दाण्याचं अंगचं मेण असतं. तरी वाहत्या पाण्याखाली दोनदा धुवायचीच.

केळं घालणार असशील तर अगदी शेवटी काप, आणि चकत्यांना लगेच लिंबाचा रस चोळ. नाहीतर हवा लागून काळपट पडतात आणि पोरं तेवढीच काढून बाजूला ठेवतात. सफरचंदाचंही तेच. कलिंगड नको, ते पाणीच पाणी. किवी महाग पडतो आणि आंबट निघतो.

अननसाचं वेगळं लिहितो, कारण सूनबाईंना तो आवडतो. कच्चा ताजा अननस काडीवर खुशाल घाल, पण दुधाच्या पदार्थाला लागू देऊ नको. त्यात ब्रोमेलेन नावाचं द्रव्य असतं, ते दुधातली प्रथिनं तोडतं. ताज्या अननसावर क्रीम किंवा चक्का घालून ठेवलं की काही वेळानं कडवट लागतं. मागं आईनं एकदा श्रीखंडात ताजा अननस घातला होता, सगळा डबा कडू झाला. तेव्हा आम्हाला वाटलं, दहीच खराब होतं. अननस शिजवला की तो गुण जातो. फोडी थोड्या साखरेत पाचेक मिनिटं शिजव, रस निथळू दे, पूर्ण गार कर, मग वापर.

वरून घालायला दोन गोष्टी कर. पोरांसाठी चॉकलेट. घरगुती कामाला डार्क कंपाउंड, म्हणजे वितळवून वापरायचं चॉकलेट घे, ते वितळवून नुसतं गार केलं तरी पुन्हा कडक होतं. २०० ग्रॅम पुरतं. बारीक तुकडे करून कोरड्या भांड्यात घाल आणि ते भांडं खाली उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर ठेव. भांड्याचा तळ पाण्याला टेकता कामा नये. गॅस मंद ठेव. चमचाभर खायचं खोबरेल किंवा साधं तेल घातलं की ते पळीवाढं होतं. पाण्याचा एक थेंब आत गेला तरी चॉकलेट वाळूसारखं गोळा होऊन बसतं. तसं झालं तर फेकू नको. कडक गरम दूध चमचा चमचा घालत हलवत राहा, मऊ सॉस होतो. मग तो काडीवर सोडायचा नाही, वाटीत द्यायचा, बुडवून खायला. चांगलं झालं तर बटर पेपरचा मेंदीसारखा कोन करून काड्यांवर बारीक रेघोट्या मार. दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवलं की बसतं.

दुसरी गोष्ट आईच्या आवडीची, काकवी. गुऱ्हाळं अजून सुरू आहेत, गूळ विभागातल्या एका जुन्या मित्राकडून मी बाटली सांगून ठेवलीय. आपल्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा त्यानंच मला घरी येऊन ढेप दिली होती. काकवी केकवर आधी ओतू नको, भिजून जाईल. वाटीत ठेव, घट्ट चक्क्यात थोडी फेटून घेतलीस तर आणखी चांगली. चक्का आदल्या रात्री बांध. किलोभर दही फडक्यात बांधून फ्रीजमध्ये चाळणीवर ठेव, सकाळी निम्म्याहून कमी उरेल, पण लोण्यासारखा होईल.

ओवताना काडी रेटायची नाही, फिरवत फिरवत घालायची. रेटली की केक चिरतो. खाली द्राक्ष, ते बुचासारखं सगळ्यांना धरून ठेवतं. मग केक, स्ट्रॉबेरी अख्खी, परत केक, आणि टोकाला पुन्हा द्राक्ष. स्ट्रॉबेरी मोठी म्हणून कापावी लागली तर कापलेली बाजू केककडे करू नको. ओवून झाल्यावर फार वेळ ठेवायचं नाही. कापाकापी सकाळी करून डबे फ्रीजमध्ये ठेव, पोरं यायच्या तासभर आधी ओवायला बसा. उभ्या ठेवायच्या असतील तर पानकोबीचा गड्डा अर्धा कापून ताटात पालथा घाल आणि त्यात टोचा, छान दिसतात.

एक काळजी मात्र नक्की घे. बारा पोरांबरोबर त्यांची धाकटी भावंडंही येतील. पाच वर्षांच्या आतल्यांना काडी हातात द्यायची नाही, त्यांना वाटीत सुटं दे, आणि द्राक्षं उभी चिरून चार भाग करून दे. अख्खं द्राक्ष लहान पोराच्या घशात अडकतं. काडी तोंडात धरून कुणी पळत नाही ना, हे तू स्वतः उभं राहून बघ.

आणि ओवायला छकुलीला बसव. तिला जमेल का, ती सांडेल का, हे मनात आणू नको. सांडेलच. तू त्या दिवशी निम्मी द्राक्षं फरशीवर घालवली होतीस. त्या रात्री झोपताना तू मला म्हणालास, "बाबा, पुढच्या वर्षी पण केक पाडा." मी कूस बदलून घेतली, कारण डोळ्यात पाणी आलं होतं. दिवसभर जे ओझं घेऊन फिरत होतो, ते तू एका वाक्यात उतरवलंस. हेच तुला आजवर सांगितलं नव्हतं. बाळा, तुझा दमलेला जीव मला फोनवर कळतो. रात्री दहाला घरी येतोस, पोर झोपलेली असते. रविवारी, तिच्या वाढदिवसाला तरी लॅपटॉप उघडू नको. एक तास तिच्याशेजारी फरशीवर बस आणि ओव. बाकी जेवण मागवायचं तर खुशाल मागव, त्यावर माझं काही म्हणणं नाही.

आम्ही शनिवारी सकाळच्या एसटीनं निघतो. द्राक्षं, काकवी आणि आईनं केलेल्या चकल्या घेऊन येतोय. आईचा गुडघा आता बरा आहे, तू विचारलंस तर ती "काही नाही" म्हणेल, पण जिना उतरताना हात धर.

काड्या विकत आणू नको. बाजारातल्या बांबूच्या काड्यांना अणकुचीदार टोक असतं. मी बुरुडाकडून बांबू आणून तीस कामट्या तासल्यात, पॉलिश पेपरनं घासल्यात, धुऊन गच्चीवर दोन दिवस उन्हात वाळवल्यात. बोटं फिरवून बघितली, कुसळ कुठं लागत नाही. टोकं गोल केलीत, त्यामुळे द्राक्षाला आधी टूथपिकनं भोक पाडावं लागेल, तेवढं मी करेन. एक काडी जरा आखूड आणि बारीक केलीय, छकुलीच्या मुठीच्या मापाची.

सूनबाईंना आशीर्वाद, छकुलीला पापा.

तुझे
बाबा