नाना, तुम्ही सही केली नाहीत म्हणून

तीर्थस्वरूप नानांस,
साष्टांग नमस्कार.

परवा माझं कॅनडाचं पीआर कार्ड, म्हणजे इथं कायम राहण्याच्या परवानगीचं कार्ड, टपालानं घरी आलं. फोनवर तुम्ही "बरं झालं, जेवलीस का?" यापलीकडे बोलू देत नाही, म्हणून हे पत्र. आणि ते चारचौघांत लिहिते, कारण दांडिया बझारातल्या त्या बोळात बसून तुम्ही जुन्या पोथ्या आणि कागद वाचवण्याचं काम करता, हे वडोदऱ्यातल्या आपल्याच मराठी माणसांना माहीत नाही. "बाइंडिंगवाले नाना" एवढंच म्हणतात.

म. स. विद्यापीठाच्या म्युझिऑलॉजी, म्हणजे संग्रहालयशास्त्राच्या विभागातून मी तुमच्याकडे आले. १९५२ पासून चालत आलेला विभाग, देशातल्या अशा अगदी सुरुवातीच्या विभागांपैकी. तिथं मला कागद कशानं मरतो ते नीट शिकवलं: आम्लता, दमट हवा, कसर, वाळवी. मरणारा कागद हातात कसा धरायचा ते तुमच्याकडे कळलं. पहिला महिनाभर तुम्ही मला एकाही पोथीला हात लावू दिला नाहीत. नुसता जपानी कागद फाडायला लावलात. कापायचा नाही, फाडायचा. ओल्या ब्रशची बारीक रेघ ओढायची, क्षणभर थांबायचं आणि दोन्ही बाजूंनी हलकेच ओढायचं, म्हणजे कडेला तंतूंची लव सुटते आणि जोड पानात विरून जातो. कात्रीनं कापलेली कड पानावर उठून दिसते आणि पुढं तिथंच पान मोडतं.

आणि खळ! ती मी पहिल्यांदा पाहिली काकूंच्या स्वयंपाकघरात. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवून वाटलेले, चीक खाली बसलेला, आणि तुम्ही वाटी घेऊन दारात उभे. "एवढा मला." तो चीक मंद आचेवर घोटायचा, मलमलीतून गाळायचा, गार झाला की पुन्हा गाळायचा. आज मी ज्या प्रयोगशाळेत काम करते तिथंही कागद जोडायला गव्हाचा स्टार्चच वापरतात. इथं तो पांढऱ्या भुकटीच्या डब्यातून येतो, एवढाच फरक. बाजारातले बाइंडर कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात. तुम्ही ते केव्हाच सोडलं होतंत, कारण मोरचूद लागलेली जागा पुढं तपकिरी होऊन तुटते हे तुम्ही वर्षानुवर्षं पाहिलं होतंत. तांब्यामुळे कागदातलं सेल्युलोज लवकर झिजतं, हे कारण मी तुम्हाला पुस्तकातून वाचून दाखवलं, तेव्हा तुम्ही ते दोनदा वाचायला लावलंत. तुमचा तो आनंद मला अजून आठवतो.

पहिल्या वर्षीचं ते मोडी पत्र मी विसरलेले नाही. एका घरच्या रुमालातलं, म्हणजे कापडात बांधून ठेवलेल्या जुन्या कागदांच्या गठ्ठ्यातलं, जुन्नरी कागदावरचं. काजळाची शाई पाण्याला टिकते असं धरून मी थेंब टाकून तपासलं नाही आणि सरळ ओलावा दिला. दोन ओळी धुरकटल्या. मी रडायला लागले. तुम्ही रागावला नाहीत. वही पुढं केलीत आणि माझ्याच हातानं लिहवून घेतलंत: "शाई न तपासता ओलावा दिला. दोन ओळी पसरल्या." तारीख घातलीत, खाली दोघांच्या सह्या, आणि संध्याकाळी मला घेऊन त्या घरी गेलात. प्रत्येक पोथीची नोंद त्या वहीत असायची: आली तेव्हाची अवस्था, शाईची चाचणी, काय केलं, काय मुद्दाम केलं नाही. सहा वर्षांत अशा अकरा वह्या झाल्या. मला तेव्हा तो लिहिण्याचा जाच वाटायचा.

मग मी बाहेर जायचं ठरवलं. एक सल्लागार गाठला. त्याचं म्हणणं, "असलं काम तिकडे कुणाला कळणार नाही, आपण तुम्हाला ग्रंथपाल दाखवू, नाहीतर चार माणसांच्या विभागाची प्रमुख तरी." अनुभवाच्या पत्राचा मसुदाही त्यानंच टाइप करून दिला. मी तो घेऊन तुमच्याकडे आले. तुम्ही एकेका वाक्याचा मराठीत अर्थ विचारलात आणि शिसपेन्सिलीनं एकेक ओळ खोडत गेलात. "चार माणसं कुठं आहेत? तू, मी आणि तो मुलगा." शेवटी कागद परत दिलात आणि म्हणालात, "यावर माझी सही नाही होणार."

नाना, मी आठ दिवस वर्कशॉपला आले नाही. मनात तुम्हाला फार बोलले. यांना मी जायला नको आहे, असंही वाटलं. त्याबद्दल आज हात जोडून क्षमा मागते.

कारण नंतर मी नियम स्वतः वाचले. कॅनडाच्या कायद्यात अर्जात खोटी माहिती दिली की पाच वर्षांची बंदी. आणि ज्या कामाला तो माणूस नाव नाही म्हणत होता, त्याला त्यांच्या व्यवसायांच्या यादीत स्वतःचा क्रमांक आहे: ५११०१, कॉन्झर्व्हेटर आणि क्युरेटर, म्हणजे जुन्या वस्तू जतन करणारे आणि संग्रह सांभाळणारे. वस्तूची अवस्था तपासणं, उपचार ठरवणं, दुरुस्ती करणं. तुमच्या वहीतलेच रकाने!

नवव्या दिवशी मी आले तेव्हा तुम्ही आधीच तयारीला लागला होतात. रावपुऱ्यातल्या प्रेसमधून पन्नास लेटरहेड छापून आणले होतेत. इतकी वर्षं धंदा केलात, लेटरहेड कधी लागलं नव्हतं. हुद्दा काय लिहायचा यावर तुम्ही बराच वेळ अडलात. "बाइंडर लिहू नकोस. बाइंडर नवा पुठ्ठा घालतो. तू जुनं पान वाचवतेस." आठवड्याचे तास तुम्ही बोटांवर मोजलेत: दहा ते सहा, जेवणाचा तास वजा, शनिवारी चारला सुटी, म्हणून चाळीस. मी बेचाळीस म्हटलं तर ऐकलं नाहीत. पगार पाकिटातून दिलात तरी महिन्यामहिन्याला माझी सही घेतलेली ती दुसरी वहीही काढलीत. कामांची यादी वह्यांमधूनच उतरवली, आणि जे मी केलं नव्हतं ते त्यात आलं नाही.

बाकीचं सगळ्यांचं होतं तसंच झालं. आयेल्ट्स ही इंग्रजीची परीक्षा, पदवीची तपासणी, एक्स्प्रेस एंट्री या गुणांवर निवड करणाऱ्या पद्धतीतलं प्रोफाइल, मग वाट पाहणं. १२०० पैकी माझे गुण कमी पडत होते. एका प्रांतानं नॉमिनेशन, म्हणजे आपल्याकडून शिफारस दिली, त्याचे ६०० मिळाले आणि दार उघडलं. तिथंही आणि नंतरच्या ६० दिवसांत भरायच्या अर्जातही तुमचंच पत्र जोडलं, सोबत वह्यांची निवडक पानं, भाषांतरासकट. धुरकटलेल्या ओळींचं पान मी बाजूला काढत होते. तुम्ही ते परत गठ्ठ्यात ठेवलंत.

इथला त्रास उलटा आहे. आपल्याकडे आषाढ-श्रावणात बुरशी, इथं हिवाळ्यात हीटर लावले की हवा इतकी कोरडी होते की पानं पापडासारखी वळतात. पहिल्याच आठवड्यात इथल्या बाईंनी मला एक फाटका नकाशा दिला आणि त्या शेजारी उभ्या राहिल्या. मी ब्रश ओला केला, कागद फाडला. त्यांनी विचारलं, हे कुठं शिकलीस? मी तुमचं नाव सांगितलं, बोळाचंही. त्यांनी ते चिठ्ठीवर लिहून घेतलं.

सोबत जपानी कोझो कागदाचं पार्सल पाठवते आहे. सगळ्यात पातळ, चौरस मीटरला पाच ग्रॅमचा, वेगळ्या नळीत आहे. तो शाईवर लावायला. जाड आहे तो कडांना आणि घड्यांना. जकातवाल्यांनी उघडला तर त्यांना हातानं दाबू देऊ नका.

उरलेली एकोणपन्नास लेटरहेड फेकू नका. त्या मुलालाही लागतील. त्याची वही तुम्ही सुरू केली असेलच.

काकूंना नमस्कार. चैत्रात येते आहे. चिकाची एक वाटी माझ्यासाठी बाजूला ठेवायला सांगा, खळीसाठी नाही, मीठ-जिरं घालून खायला.

तुमची,
खिडकीजवळच्या टेबलावरची